खरी नक्कल

अब्बा गेल्यावर वारसनोंद करायला निघालो, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा कळली. माणूस एकदाच मरतो, पण त्याची नावं कागदोपत्री वेगवेगळी जगत राहतात. जमिनीच्या उताऱ्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. एका ठिकाणी नावापुढे 'शेख' आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. तिन्ही माणसं एकच आहेत हे दाखवायला आजोबांच्या वेळचं खरेदीखत लागणार होतं.

कोरीटच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. ती खाली काढली. अस्सल खरेदीखताची वाळवीनं चाळण केली होती. हात लावला की भुगा पडत होता. त्याच्याखाली जाड पिवळ्या कागदावर मात्र एक नक्कल शाबूत होती. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तीन तारखा. नक्कल करणाऱ्याची सही, रुजवात घेणाऱ्याची सही, गोल शिक्का. आणि वर ठसठशीत दोन शब्द : खरी नक्कल.

खिडकीपलीकडच्या माणसानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "चाचा, ही नक्कल आहे. अस्सल आणा."

मी म्हटलं, "वर 'खरी' लिहिलंय की."

तो हसला. माझ्या मागे रांगेत उभे असलेलेही हसले. मराठीत नक्कल म्हणजे सोंग. वर्गात गुरुजींची नक्कल करणाऱ्या पोराला छडी मिळते. मग नक्कल खरी कशी असेल?

माझं काम पुढे झालं. रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, की नोंदणी झालेल्या दस्ताची दफ्तरातून दिलेली प्रमाणित नक्कल कायद्यानं पुरावा म्हणून चालते. त्यानं अर्ज लिहून दिला, दोन हेलपाटे जास्त झाले, पण नोंद लागली. तरी ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. नक्कल खरी कशामुळे होते? शिक्क्यामुळे, सहीमुळे, की आणखी कशामुळे? हा प्रश्न माझ्या आधी कुणाला पडला असेल, म्हणून वाचत गेलो आणि थेट समुद्रावर जाऊन पोचलो.

कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त छळायचा तो परमुलखात जाऊन व्यापार करणाऱ्याला. गावातल्या माणसाला कागद नसला तरी चालून जातं. बांध कुणाचा हे शेजाऱ्याला ठाऊक असतं, बाप कोण हे सगळ्या गावाला. समुद्रापलीकडून आलेल्याची ओळख सांगणारं किनाऱ्यावर कुणी नसतं. राजानं जकात माफ केली असेल, वखारीला जागा दिली असेल, तर ती त्याच्या हातातल्या कागदापुरतीच. तो कागद जहाजाबरोबर बुडाला की हक्कही बुडाला. म्हणून अस्सल पेटीत ठेवायचं आणि नक्कल घेऊन फिरायचं. पण नाक्यावरचा अंमलदार नकलेवर विश्वास का ठेवील? त्यासाठी मध्ये तिसरा माणूस लागतो. त्यानं अस्सल पाहिलेलं असतं, त्याचा शिक्का नाक्यावर ओळखीचा असतो, आणि खोटं लिहिलं तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

युरोपात या माणसाला नोटरी म्हणत. इटलीतल्या जेनोवाच्या जिओव्हानी स्क्रिबा नावाच्या नोटरीची 1154 ते 1164 या काळातली वही आजही आहे. समुद्रव्यापारातल्या भागीदाऱ्या, कर्जं, विक्री, सगळं तिच्यात नोंदलेलं. व्हेनिसची गोष्ट त्याहून बोलकी आहे. 1082 च्या सुमारास बायझंटाईन सम्राटानं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना सोन्याच्या मोहरेचं फर्मान दिलं आणि जकात माफ केली. व्हेनिसच्या पुढच्या भरभराटीत त्या कागदाचा मोठा वाटा मानतात. तो अस्सल कागद आज कुठेच नाही. नंतरच्या सम्राटांच्या फर्मानांत त्याचा मजकूर उतरवून घेतला होता, म्हणून तो आपल्याला वाचता येतो. व्हेनिसची खरेदीखतंही वाळवीनं खाल्ली होती म्हणायची.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या कोकणात हेच चाललं होतं.

इसवी सन 916 च्या सुमारास बगदादचा मसऊदी हा इतिहासकार सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे झंझ नावाच्या राजाचा अंमल होता. हा शिलाहार घराण्यातला झंझ. राष्ट्रकूट सम्राट त्याच्या वरचा. मसऊदी लिहितो, की चौलात सुमारे दहा हजार मुसलमान राहत. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, काही इथल्याच मातीत जन्मलेले. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख असे. त्याला 'हुनरमन' म्हणत आणि त्याला नेमत असे राजा. मसऊदी गेला तेव्हा अबू सईद मारूफ बिन जकरिया हा त्या जागेवर होता. आपसातले तंटे तो आपल्या शरियतीनं मिटवी. म्हणजे हा माणूस एका बाजूनं जमातीचा आणि दुसऱ्या बाजूनं राजाचा. त्याच्या शब्दाला दोन्हीकडे किंमत होती. खऱ्या नकलेला हाच माणूस लागतो.

त्यानंतर दहाच वर्षांनी, शके 848 म्हणजे 926 साली, डहाणूजवळच्या टापूत एक ताम्रपट कोरला गेला. 1955 साली चिंचणीला ताम्रपटांचे जे संच सापडले, त्यातला हा एक. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संजाणच्या मंडलावर त्याचा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असं येतं. अभ्यासक ते मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप मानतात. या मोहम्मदानं नदी ओलांडायला फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र घातलं. अन्नैय नावाच्या ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठीला त्यानं सम्राटाची परवानगी घेऊन जमीन दिली. पुढे 1034 सालच्या त्याच ठिकाणच्या ताम्रपटात अल्लिय, महर, मधुमत अशी व्यापाऱ्यांची नावं येतात. कानाला अली ऐकू येतो, मोहम्मद ऐकू येतो. माझ्या अब्बांचं नाव कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलं, त्याचा राग तिथे निम्मा ओसरला. हजार वर्षांपूर्वीच्या लेखकानंही ऐकू आलं तसंच लिहिलं होतं, आणि माणूस तोच राहिला होता.

ताम्रपट खरा कसा ठरे, हे पाहण्यासारखं आहे. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवत आणि कडीवर राजमुद्रा बसवत. कडी तोडून मधला पत्रा बदलला तर लगेच दिसे. कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत शेवटी एक ठराविक मजकूर येतो, की दान देणारा लेखकाच्या हातानं आपली संमती लिहवत आहे. पुढे असंही, की यात एखादं अक्षर कमी पडलं किंवा जास्त झालं, तरी सगळं प्रमाण धरावं. हे वाचून मी थांबलोच. अक्षराची चूक होणारच, हे राजाच्या दफ्तराला मान्य होतं. एका काना-मात्रेवरून कुणाचा हक्क जाऊ नये, म्हणून तशी तरतूद ताम्रपटातच केलेली. ही ओळ आजच्या प्रत्येक खिडकीवर लावली पाहिजे.

याचा अर्थ खोटेपणाकडे काणाडोळा होता असं मुळीच नाही. बनावट राजशासन करणाऱ्याला मनुस्मृतीत देहदंड सांगितला आहे. उत्तर प्रदेशातल्या मधुबनच्या ताम्रपटात हर्षानं एका ब्राह्मणाचं बनावट शासन मोडून काढल्याची आणि ते गाव दुसऱ्यांना दिल्याची नोंद आहे. अस्सल म्हणून दाखवलेलंही खोटं निघू शकतं, हे तेव्हाही माहीत होतं.

आणि कागद हरवला तर? याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की दस्त परदेशात राहिला, वाचता येईनासा झाला, नष्ट झाला, पुसला गेला, चोरीला गेला, फाटला किंवा जळाला, तर दुसरा करून घ्यावा. या स्मृतीवर बाराव्या शतकात ज्यांनी टीका लिहिल्या त्यात एक होता अपरार्क, म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं त्याच घराण्याची. ज्या घराण्याच्या धक्क्यावर अरबी गलबतं लागत, त्या घराण्यातला राजा दस्तऐवजांचा कायदा उलगडून सांगत होता. मला यात नुसता योगायोग दिसत नाही.

आमच्याकडे पाहिलं तर कुरआनातली सगळ्यात लांब आयत पूजेची नाही, स्वर्ग-नरकाची नाही. ती उधारीचा कागद लिहिण्याची आहे. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, देणं ज्याच्यावर आहे त्यानं मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला कुणी त्रास देऊ नये. या पायावर फिकहमध्ये 'शुरूत' नावाची विद्याच उभी राहिली. दस्त कसा लिहावा, म्हणजे काजीपुढे टिकेल, हे शिकवणारी. इजिप्तचा तहावी हा हनफी पंथाचा मोठा विद्वान 933 साली वारला. त्यानं या विषयावर ग्रंथ लिहिले. चिंचणीचा ताम्रपट कोरला जात असताना तो हयात होता. एका गावच्या काजीचं पत्र दुसऱ्या गावच्या काजीनं कोणत्या अटींवर खरं मानायचं, यावरही फिकहच्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण असतं. त्यात साक्षीदारांवर फार भर आहे. मोहर एकटी पुरत नाही. पत्र लिहिताना पाहिलेली माणसं लागतात.

केरळात कोल्लमच्या 849 सालच्या ताम्रपटांवर हे डोळ्यांनी दिसतं. परदेशी व्यापाऱ्यांशी जोडलेल्या तिथल्या चर्चला दिलेली ती सनद. मजकूर स्थानिक लिपीत. शेवटी साक्षीदारांच्या सह्या : काहींच्या अरबी लिपीत, काहींच्या पहलवीत, काहींच्या हिब्रू अक्षरांतल्या फारसीत. ख्रिस्ती चर्चच्या सनदेला मुसलमान, पारशी आणि यहुदी साक्षीला. ज्यानं त्यानं आपापल्या अक्षरात सही केली. त्यामुळेच ती सही खोटी करणं अवघड.

सोमनाथचा 1264 सालचा लेख तर एका व्यवहाराच्या दोन प्रतींसारखाच आहे. होर्मुझचा नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, नूरुद्दीन फिरोज. त्यानं सोमनाथ पाटणमध्ये मशिदीसाठी जमीन घेतली, तीही गावच्या प्रतिष्ठितांच्या संमतीनं. राजा वाघेला अर्जुनदेव. एक लेख अरबीत, एक संस्कृतात. संस्कृत लेखात तारीख चार गणनांत दिली आहे : हिजरी 662, विक्रम 1320, वलभी 945, सिंह 151. कोणत्याही बाजूचा माणूस आला तरी त्याला दिवस कळावा. संस्कृत लेखात ईश्वराला विश्वनाथ म्हटलं आहे. अरबी लेखाचा सूर वेगळा, त्यात आपल्या धर्माच्या भरभराटीची दुआ आहे. शब्दाला शब्द लावला तर दोन्ही जुळत नाहीत. पण देणारा, घेणारा, मशीद आणि वर्ष जुळतं. खर्च भागून उरलेली रक्कम मक्का-मदिनेला पाठवायची, अशी व्यवस्थाही संस्कृत लेखात नोंदलेली आहे. गझनीच्या महमूदानं सोमनाथ फोडलं त्याला तेव्हा अडीचशेच्या आसपास वर्षं झाली होती. त्याच गावानं मशिदीला जागा दिली. हे मी घरातल्या पोरांना मुद्दाम सांगतो.

आता आमच्या मुलखात येतो. सुरत ते बऱ्हाणपूर ही मोगलाईतली मोठी वाट, आणि नंदुरबार त्या वाटेवरचं ठाणं. इंग्रज वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला तो नंदुरबारवरूनच. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निएनं आपल्या प्रवासवर्णनात नवापूर, नंदुरबार हे मुक्काम मोजले आहेत. या वाटेनं कापड, नीळ, चांदी जायची, आणि वाटेत राहदारी, जकात मागणारे पावलोपावली. इंग्रज, डच, आर्मेनियन, इराणी, बनिया, जो तो आपली माफीची सनद दाखवायचा. बादशहाचं अस्सल फर्मान काही बैलगाडीतून नेत नसत. ते काजीकडे नेत. काजीचा लेखक नक्कल उतरवी, अस्सलाशी ताडून पाही, 'मुताबिक-ए-अस्ल', म्हणजे अस्सलाबरहुकूम, असा शेरा येई आणि वर काजीची मोहर बसे. मोहरेत त्याचं नाव, बहुधा हिजरी सालही. इंग्रज कंपनीच्या पत्रांतही काजीच्या मोहरेच्या नकलांचे उल्लेख येतात. सुरतेच्या सतराव्या शतकातल्या अशा कागदांच्या नकलांचा एक संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घरांची विक्री, कर्जं, निकाहनामे. ती माणसं गेली, घरं गेली, अस्सल कागद गेले. राहिल्या त्या नकला.

पण इथे एक गोष्ट लपवून पुढे जाणं बरोबर नाही. 1669 साली सुरतेच्या काजीनं बनिया व्यापाऱ्यांचा छळ मांडला. धर्म बदलायला भाग पाडणं, देवळांवरून पैसे उकळणं, असे प्रकार झाले. तेव्हा भीमजी पारेख यांच्या पुढाकारानं हजारो बनिया सुरत सोडून भडोचला निघून गेले. इंग्रजांच्या पत्रांत हा आकडा आठ हजार दिला आहे. बाजार बंद पडला, टांकसाळ आणि जकातघर ओस पडलं. औरंगजेबाकडून आश्वासन मिळाल्यावर वर्षअखेरीस ती माणसं परतली. काजीची मोहर त्या महिन्यांतही काजीकडेच होती. तिच्यावरचं अक्षर बदललं नव्हतं. पण जो माणूस तुमचा नाही आणि न्यायाचाही नाही, त्याच्या दाराशी आपली सनद घेऊन कोण जाणार? मोहर धातूची असते, तिचं वजन मात्र माणसाचं असतं. काजी आमचा होता म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. त्यानं शरियतीचा सेवक म्हणवणाऱ्या पदाचंच नुकसान केलं.

तरी ही पद्धत टिकली, कारण ती कुणा एका धर्माची नव्हती. दख्खनेत आदिलशाही, निजामशाहीची कित्येक फर्मानं वर फारसी, खाली मोडी मराठी अशी दोन अंगांची असत. वतनाच्या तंट्यात महजर होई, तेव्हा काजीच्या मोहरेशेजारी पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या निशाण्या उमटत. त्या काळच्या मराठी आज्ञापत्रांच्या शेवटी वारंवार एक सूचना येते : याची तालीक लिहून घ्यावी आणि अस्सल कागद याच्याकडे भोगवट्यासाठी परत द्यावा. तालीक म्हणजे नक्कल. शिवाजी महाराजांच्या पत्रांतही ही सूचना आहे. अर्थ नीट पाहा. नक्कल सरकारनं ठेवायची आणि अस्सल रयतेला द्यायचं. जपण्याचा बोजा दोघांवर, पण हक्काचा कागद रयतेच्या हातात. आज माझ्याकडून अस्सल मागणाऱ्या खिडकीमागेच दफ्तर आहे, त्या दफ्तरात माझ्या कागदाची नोंद आहे, आणि तरी शोधायचं काम माझं.

महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही नक्कल, अस्सल, दस्तऐवज, सनद, शिक्का, तारीख हे शब्द हलले नाहीत. 'रुजवात' तर मला सगळ्यात आवडतो. रुजू घालणं म्हणजे दोन गोष्टी समोरासमोर ठेवून ताडून पाहणं. माझ्या पिवळ्या कागदावर शिक्का आहे, पण त्याला खरं केलं ते शिक्क्यानं नाही. कुणी एक माणूस त्या दिवशी टेबलाशी बसला, एका हातात अस्सल, दुसऱ्या हातात नक्कल, ओळीवर बोट ठेवून त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि मग सही केली. तो कोण, कुठल्या जातीचा, धर्माचा, मला माहीत नाही. माझ्या आजोबांनाही तो ओळखत नसेल. त्यानं काम चोख केलं, एवढंच. पन्नास वर्षांनी ते माझ्या कामी आलं.

2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं साक्षांकनाची बरीचशी कटकट काढली. आता आपणच आपल्या प्रतीवर सही करायची. राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळणं संपलं, हे फार चांगलं झालं. पण विश्वास टाकण्याची ती वृत्ती खिडकीपर्यंत पोचली आहे का? आमच्या भागात भिल्ल शेजारी जातपडताळणीसाठी 1950 च्या आधीची आजोबांची नोंद शोधत फिरतात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर दाखला कुठून यायचा? वनहक्काच्या नियमांनी मात्र एक शहाणपण दाखवलं. दावेदाराखेरीज गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं म्हणणं त्यात पुरावा म्हणून धरता येतं. कोल्लमच्या ताम्रपटाखालच्या सह्या आणि सातपुड्यातल्या म्हाताऱ्याचा अंगठा यांत मला फरक दिसत नाही. ज्याच्याकडे अस्सल नाही, त्याच्यासाठी खरं बोलणारा साक्षीदार हीच सनद.

नोंद लागल्यावर नवा उतारा घेऊन कोरीटला आलो. त्याच्या दोन नकला काढल्या. एक धाकट्या भावाकडे दिली, एक पेटीत ठेवली. भुगा झालेलं अस्सल फेकवेना. तेही एका पिशवीत घालून तिथेच ठेवलं. पिवळी नक्कल मात्र सगळ्यात वर, प्लास्टिकमध्ये घालून. डांबराच्या गोळ्याही टाकल्या आहेत.